न पेटणाऱ्या गाठीचा पेट स्कॅन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मलाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘पसरलाय का?’ आणि त्यावरचं उत्तरही हल्ली ठरून गेलंय: ‘पेट स्कॅन करून टाकू, एकदाच काय ते कळेल.’ आरोग्य पुरवण्यांत, जाहिरातींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सल्ल्यांतही हाच सूर असतो. हे पत्र लिहायचं कारण एवढंच की एकदाच काय ते कळत नाही. मलाशयात होणारे सगळे कॅन्सर एका जातीचे नसतात आणि त्यातल्या काही जाती या स्कॅनमध्ये नीट पेटतच नाहीत. बायोप्सीच्या कागदावर गाठीची जात काय लिहिली आहे हे न बघता पेट स्कॅनचा रिपोर्ट वाचला, तर चुकण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी असते: आजार असून ‘काही नाही’ असं वाटतं, किंवा नसलेल्या आजाराची भीती बसते.

आधी नावाचा घोळ मिटवू. हिंदीतल्या ‘पेट’मुळे अनेकांना हा पोटाचा स्कॅन वाटतो. ‘पेट’ ही पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या नावाची आद्याक्षरं आहेत आणि स्कॅन साधारणपणे डोक्यापासून मांड्यांपर्यंत होतो. शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतात. हे ग्लुकोजचंच भावंड. फक्त त्याच्या रेणूवर फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते आणि पचवायला जाते, पण पहिल्या पायरीनंतर ते पुढे पचत नाही, आतच अडकून पडतं. ज्या पेशी साखर जास्त ओढतात तिथे औषध साठतं, तिथून किरण बाहेर येतात आणि पडद्यावर तो भाग उजळतो. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं होतं. सगळा डोलारा त्या एका निरीक्षणावर उभा आहे. म्हणजे हा स्कॅन गाठ दाखवत नाही, गाठीची भूक दाखवतो. गाठ कुठे आहे ते सोबतचा सीटी सांगतो.

आता गाठींच्या जाती. मलाशयातल्या बहुतेक गाठी नेहमीच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींतून वाढणाऱ्या, असतात: पेशींची दाटी आणि भूक भरपूर. या पेट स्कॅनमध्ये छान उजळतात आणि पाठ्यपुस्तकांत, जाहिरातींत दिसणारी चित्रं त्यांचीच असतात. दुसरी जात म्युसिनस अ‍ॅडेनोकार्सिनोमा. यात गाठीच्या आकारमानाचा निम्म्याहून जास्त भाग पेशींबाहेर साठलेल्या बुळबुळीत स्रावाचा असतो. सब्जा पाण्यात भिजवला की काय होतं ते आठवा. बी आहे तेवढंच राहतं, भोवती पारदर्शक गराचा फुगवटा येतो आणि वाटी भरल्यासारखी दिसते. म्युसिनस गाठ तशीच. साखर खाणारं बी मूठभर आणि गर वाटीभर. गर साखर खात नाही. सीटीवर पाच सेंटीमीटरची दिसणारी गाठ पेट स्कॅनवर म्हणूनच फिकी, कधी फक्त कडेने उजळलेली, कधी आजूबाजूच्या आतड्यापेक्षा वेगळी न कळणारी असते.

तिसरी जात सिग्नेट रिंग. इथे स्राव पेशीच्या बाहेर नसून पेशीच्या पोटातच साठतो आणि केंद्रकाला एका कडेला ढकलतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोहोरेच्या अंगठीसारखी दिसते, म्हणून हे नाव. अशा पेशी निम्म्याहून जास्त असतील तरच गाठीला हे नाव देतात. पाश्चात्त्य देशांत ही जात मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कॅन्सरमध्ये शंभरात एखादी सापडते. भारतातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत तिचं प्रमाण बरंच जास्त दिसतं, आणि तेही तरुण रुग्णांत. तिची आणखी एक खोड अशी की ती गाठीसारखी वाढण्यापेक्षा आतड्याच्या भिंतीतून पसरत जाते. आतलं अस्तर वरून बरं दिसतं, भिंत मात्र जाड आणि ताठ होते. वरवर घेतलेल्या बायोप्सीत काहीच न सापडणं हे इथे नेहमीचं. पेशी विखुरलेल्या आणि भिंतीत पातळ पसरलेल्या असल्या की पेट स्कॅनला पकडायला ढीग उरत नाही.

म्युसिनस गाठींवरचा एक छोटा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या २२ रुग्णांपैकी पेट स्कॅनने सुमारे ६० टक्के जणांचाच आजार दाखवला. गाठीत पेशी जितक्या दाट तितकी ती उजळ आणि स्राव जितका जास्त तितकी ती फिकी, असा सरळ संबंध त्यात दिसला. तेव्हाची यंत्रं आजच्याइतकी तीक्ष्ण नव्हती आणि सोबत सीटीही नसायचा, हे खरं. पण कारण यंत्रात नव्हतं, गाठीत होतं. ते आजही तिथेच आहे.

रिपोर्टमधल्या ज्या आकड्यावर सगळ्यांची नजर खिळते त्या एसयूव्हीबद्दल, म्हणजे गाठीने किती औषध ओढलं याच्या मापाबद्दल, थोडं सविस्तर. समजा रुग्णाचं वजन ६० किलो आहे आणि त्याला ६ मिलिक्युरी, म्हणजे २२२ मेगाबेकरेल औषध दिलं (ही दोन्ही किरणोत्साराची मापं; एका मेगाबेकरेलमध्ये हजार किलोबेकरेल). ते अंगभर सारखं पसरलं असतं तर दर ग्रॅमला ३.७ किलोबेकरेल वाट्याला आलं असतं. ही झाली एसयूव्ही १. गाठीत दर ग्रॅमला ३७ किलोबेकरेल सापडलं तर एसयूव्ही १०. आकडा एवढाच सरळ आहे आणि म्हणूनच बिघडायलाही सोपा आहे. रुग्णाचं वजन न करता ‘साधारण ६५ लिहा’ म्हटलं की आकडा सरकला. सुई शिरेबाहेर गेली आणि थोडं औषध दंडातच राहिलं, की गाठीपर्यंत कमी पोचलं आणि आकडा खाली आला. शिवाय ते सांडलेलं औषध काखेतल्या लसिका गाठीत (या गाठी सगळ्यांच्याच अंगात असतात) जाऊन तिथे नसलेला आजार दाखवतं. इंजेक्शननंतर एक वेळ ६० मिनिटांनी आणि पुढच्या वेळी ९० मिनिटांनी स्कॅन केला, तर गाठ तीच असूनही आकडा वाढू शकतो, कारण गाठ दरम्यान साखर ओढतच असते. ‘मागच्या वेळी ९ होता, आता ११, म्हणजे वाढलं’ असं घरी बसून ठरवू नये ते यासाठी. दोन स्कॅनची तुलना करायची तर केंद्र शक्यतो तेच, यंत्र तेच, इंजेक्शन आणि स्कॅन यांतलं अंतर जवळजवळ तेवढंच आणि साखरही साधारण त्याच पट्ट्यात असावी लागते. आणि एसयूव्ही म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. म्युसिनस गाठीचा आकडा ३ आला म्हणून ती ‘सौम्य’ ठरत नाही.

खरा घात होतो तो उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. मलाशयातल्या बऱ्याच वाढलेल्या गाठीला आज बहुतेक ठिकाणी आधी रेडिएशन आणि केमो देतात: लांबलेला क्रम म्हणजे साधारण २८ बैठकांत ५०.४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) आणि सोबत केमोच्या गोळ्या, किंवा आखूड क्रम, ५ दिवसांत २५ ग्रे आणि मग केमो. काही जणांची गाठ यातच पूर्ण विरघळते. ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या अँजेलिता हाबर-गामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची शस्त्रक्रिया टाळून फक्त बारीक नजर ठेवण्याचा मार्ग पुढे आणला. २००४ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले तेव्हा भुवया उंचावल्या, आज निवडक रुग्णांत तो मार्ग जगभर वापरला जातो. कायमची पिशवी, म्हणजे पोटावर काढलेली शौचाची वाट, टळणार असेल तर कोणालाही तो हवासा वाटणारच. इथे पेट स्कॅन पुढे केला जातो: ‘बघा, काही उजळत नाही, गाठ गेली.’

नेहमीच्या जातीची, आधी लखलखणारी गाठ असेल तर या म्हणण्यात थोडा तरी दम आहे. म्युसिनस गाठीत नाही. जी उपचाराआधीच धड पेटली नव्हती, ती उपचारानंतर विझली असं कशावरून म्हणायचं? पाया म्हणून उपचाराआधीचा स्कॅनच नसेल, किंवा असून त्यात गाठ फिकीच असेल, तर नंतरच्या ‘स्वच्छ’ रिपोर्टला काही किंमत नाही. एमआरआयलाही इथे अडचण येते हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उपचारानंतर सगळ्या पेशी मेल्या तरी स्रावाची तळी तशीच राहतात. एमआरआयवर ती पांढरी चमकतात, आणि त्या तळ्यात जिवंत पेशी आहेत की नुसता स्राव आहे हे एमआरआय सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजिस्टला नुसताच स्राव सापडला तर ते पूर्ण यश धरलं जातं, पण ते कळतं भाग काढल्यावर. म्हणून या जातीत ‘शस्त्रक्रिया नको, नजर ठेवू’ असं ठरवताना बोटाची तपासणी, दुर्बिणीतून दिसणारं चित्र आणि एमआरआय यांचा एकत्र विचार लागतो, आणि तरीही हात आखडताच ठेवावा लागतो. पेट स्कॅनच्या एका ओळीवर हा निर्णय कधीच घेऊ नये.

रेडिएशननंतर उलट दिशेचीही चूक होते. किरणांनी भाजलेल्या आतड्याला सूज येते, सुजेतल्या पेशीही साखर खातात आणि मलाशय उजळतं. घाईघाईने, तीन-चार आठवड्यांतच स्कॅन केला तर मेलेली गाठ जिवंत वाटू शकते. निदान आठ-दहा आठवडे थांबावं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली असतील तर सगळी हाडं उजळतात. तेही रिपोर्ट करणाऱ्याला माहीत असावं लागतं, नाहीतर हाडात पसरल्याची शंका विनाकारण लिहिली जाते.

पोटाच्या आतल्या पडद्यावर, पेरिटोनियमवर, पसरणं ही म्युसिनस आणि सिग्नेट रिंग या दोघींची सवय. रव्याच्या दाण्याएवढे ठिपके किंवा पातळ साय धरल्यासारखा थर. यंत्राची तीक्ष्णता साधारण ४ ते ६ मिलिमीटरची. त्याहून लहान ठिपका जरी उजळत असला तरी त्याचा उजेड आजूबाजूला फासला जातो आणि तो फिका पडतो. त्यात मुळात भूकच कमी असलेली जात. अशा रुग्णाच्या पोटात थोडं पाणी दिसतंय, पोट फुगलंय आणि पेट स्कॅन ‘स्वच्छ’ आहे, तर स्कॅनवर विसंबू नये. दुर्बिणीने पोटात डोकावून, पाणी तपासून आणि ठिपक्याचा तुकडा काढून जे कळतं ते स्कॅनमध्ये कळत नाही. यकृतातले म्युसिनस ठिपकेही असेच निसटतात. त्यात पेट स्कॅनसोबतचा सीटी शिरेतून रंग न देता, संथ श्वास चालू असताना काढलेला असेल, तर यकृतातले बारीक डाग आणि फुप्फुसातल्या लहान गाठी दोन्ही हुकतात. ‘पेटमध्ये सीटी आलाच की’ असं म्हणून वेगळा रंगाचा सीटी टाळला जातो, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं.

आणि जे उजळतं ते सगळं कॅन्सर असतं का? आपल्याकडे तर मुळीच नाही. टीबीने सुजलेली छातीतली लसिका गाठ कॅन्सरच्या गाठीइतकीच, कधी जास्तही उजळते. मलाशयात छोटी गाठ, बाकी पोट साफ, आणि छातीत मध्यभागी दोन-तीन लसिका गाठी लखलखताहेत, अशा वेळी थेट चौथी स्टेज लिहून मोकळं होणं म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेबाहेर काढणं आहे. श्वासनलिकेतून सुईने तुकडा घेता येतो; तो घेतल्याशिवाय स्टेज ठरवू नये. सुजलेली मूळव्याध, गुदद्वाराजवळचा भगंदर, आतड्यातला साधा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब), पाळीच्या चक्रातल्या ठरावीक दिवसांत बायकांचे बीजकोश आणि गर्भाशयाचं अस्तर हे सगळं उजळू शकतं. पॉलिप उजळला तर मात्र तो दुर्बिणीने बघायलाच हवा, कारण त्यातले काही पुढे कॅन्सर होणारे असतात.

तयारीबद्दल केंद्रावरून ‘उपाशी या’ एवढंच सांगितलं जातं आणि आपल्याकडे त्याचा अर्थ उपवास असा होतो. साबुदाण्याची खिचडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि वर गोड चहा घेऊन माणूस ‘उपाशी’ येतो. एफडीजीच्या दृष्टीने हे पंगत जेवून येण्यासारखंच आहे. जेवणानंतर शरीरात इन्शुलिन चढतं, स्नायू आणि हृदय साखर ओढून घेतात, एफडीजीही त्यांच्याबरोबर जातं आणि गाठीला उरतं थोडं. स्कॅनमध्ये हात-पाय, पाठ उजळलेली आणि गाठ फिकी. म्हणून ४ ते ६ तास फक्त साधं पाणी, तेही भरपूर. खोकल्याचं गोड औषध, लिंबू-सरबत, नारळपाणी, चघळायच्या गोळ्या नकोत. वॉर्डातून येणाऱ्या रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन चालू असेल तर ते आधी बंद करायला हवं. हे नर्सच्या कानावर घातलेलं बरं. आदल्या दिवशी जड व्यायाम, डोंगर चढणं, सायकल नको. सुपारी-तंबाखू चघळणाऱ्यांचे जबड्याचे स्नायू असे उजळतात की वाचणारा क्षणभर थबकतो. इंजेक्शननंतरचा तास शांत पडून राहायचं, बोलायचंही कमी, आणि खोली गार असेल तर पांघरूण मागून घ्यायचं. थंडीने मानेजवळची एक विशिष्ट चरबी उजळते आणि खऱ्या गाठी झाकते.

मधुमेहींसाठी दोन गोष्टी वेगळ्या. इंजेक्शनच्या वेळी साखर २०० मिलिग्रॅमच्या आत असावी. जास्त असेल तर रक्तातली साखर आणि एफडीजी एकाच दारातून आत शिरायला धक्काबुक्की करतात आणि गाठीचा आकडा खोटा खाली येतो. अशा वेळी पटकन उतरणारं इन्शुलिन टोचून लगेच स्कॅन करणं हा उपाय नाही, उलट बिघाड आहे. सगळं औषध स्नायूंत जाईल. चार तास थांबा किंवा दुसरा दिवस घ्या. दुसरी गोष्ट मेटफॉर्मिनची. या गोळीने मोठं आतडंच उजळतं, कधी सुरुवातीपासून मलाशयापर्यंत सलग. ज्या आतड्यात गाठ शोधायची तेच सगळं दिवाळीसारखं झालं तर शोधणार काय? आतड्याच्या स्कॅनआधी ४८ तास ती थांबवणं चांगलं, पण स्वतःच्या मनाने नाही. साखरेच्या डॉक्टरांना विचारून, त्या दोन दिवसांची सोय करून.

मूत्राशय आणि मलाशय यांचा शेजारही लक्षात घ्यावा लागतो. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे भरलेलं मूत्राशय पडद्यावर सूर्यासारखं दिसतं आणि त्याच्या मागचं काही नीट कळत नाही. टेबलावर चढायच्या आधी लघवीला जाऊन यायचं आणि स्कॅन मांड्यांकडून वर डोक्याकडे घ्यायचा. म्हणजे मूत्राशय पुन्हा भरायच्या आत ओटीपोटाचा भाग उरकतो. गाठीला खेटून असलेल्या लसिका गाठींचंही असंच. मुख्य गाठीच्या झगमगाटात त्या वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून मलाशयाभोवतीचा नकाशा एमआरआयचाच. तीन मिलिमीटरचे काप, गाठीच्या आसाला काटकोनात घेतलेले. गाठ भोवतीच्या चरबीच्या पडद्यापासून १ मिलिमीटरच्या आत आली आहे का, भिंतीबाहेरच्या शिरांत शिरली आहे का, खालच्या स्नायूपासून किती वर आहे. आधी रेडिएशन द्यायचं की थेट शस्त्रक्रिया करायची, शौचाची नैसर्गिक वाट वाचेल की नाही, हे ठरतं ते इथे. पेट स्कॅन यातलं काहीच सांगत नाही. शिवाय म्युसिनस गाठ एमआरआयच्या ठरावीक चित्रांत पांढरीशुभ्र दिसते, त्यामुळे बायोप्सीच्या चिमूटभर तुकड्यात सुटलेला स्राव अनेकदा एमआरआयनेच आधी पकडला जातो. बायोप्सीत नुसतं ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ आणि एमआरआयमध्ये स्रावाची शंका, असं असेल तर पेट स्कॅन वाचणाऱ्याला दोन्ही कागद दाखवावेत.

मग पेट स्कॅन करायचाच नाही का? तसं नाही. जगभरच्या मार्गदर्शक सूचना त्याला मलाशयाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या पहिल्या तपासण्यांत धरत नाहीत; पहिल्या तपासण्या म्हणजे पूर्ण कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी, ओटीपोटाचा एमआरआय, छाती-पोटाचा रंगाचा सीटी आणि रक्तातला सीईए (या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रथिन). पण अडलेल्या जागी तो मोलाचा आहे. यकृतातले दोन डाग कापून काढायचे ठरलेत आणि त्याआधी दुसरीकडे काही लपलेलं नाही ना हे बघायचंय. सीईए दर तपासणीत चढतोय आणि सीटीत काही सापडत नाही. शस्त्रक्रियेनंतर माकडहाडासमोर जाड पट्टा दिसतोय, तो जुना व्रण की परत आलेली गाठ हे कळत नाही. किडनी बिघडल्याने किंवा अ‍ॅलर्जीमुळे रंगाचा सीटी शक्य नाही. नेहमीच्या जातीत या प्रश्नांना पेट स्कॅन चांगलं उत्तर देतो. म्युसिनसमध्येही उजळलं तर ते उपयोगी पडतं; न उजळण्याला मात्र किंमत देऊ नये, एवढाच फरक.

मलाशयात अ‍ॅडेनोकार्सिनोमाखेरीजही काही होतं, हे थोडक्यात. गुदद्वाराजवळचा स्क्वेमस, म्हणजे त्वचेसारख्या चपट्या पेशींचा कॅन्सर एफडीजी भरपूर ओढतो. तिथे जांघेतल्या लसिका गाठी शोधायला आणि रेडिएशनचं क्षेत्र आखायला पेट स्कॅनचा खरा उपयोग होतो, आणि उपचारही वेगळा, बहुधा शस्त्रक्रियेशिवाय. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आणि मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा) उजळतात. जीआयएसटी ही भिंतीतल्या स्नायूच्या थरातून निघणारी गाठ इमॅटिनिबच्या गोळ्यांना दाद देते का हे आकार बदलण्याच्या कितीतरी आधी पेट स्कॅनमध्ये कळू शकतं. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ सौम्य चालीची असेल तर एफडीजी तिला बऱ्याचदा चुकवतं. तिच्यासाठी गॅलियम-६८ लावलेलं, तिच्या पेशींवरच्या ठरावीक कड्यांना धरणारं वेगळं औषध लागतं. उग्र चालीची असेल तर पुन्हा एफडीजी. ‘पेट स्कॅन’ या एका नावाखाली औषधं वेगवेगळी असतात, म्हणून रिपोर्टच्या पहिल्या दोन ओळींत कुठलं औषध दिलं ते बघावं. कॅन्सरच्या पेशींऐवजी त्यांच्या भोवती तंतूंचा सांगाडा विणणाऱ्या पेशींना धरणारं एफएपीआय नावाचं औषध गेल्या काही वर्षांत पुढे आलंय. सिग्नेट रिंग आणि पोटाच्या पडद्यावरचा आजार दाखवण्यात ते एफडीजीपेक्षा सरस ठरेल अशी चिन्हं आहेत. पण ते अजून सरसकट वापराचं झालेलं नाही.

बायोप्सीच्या कागदावर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या, चार प्रथिनांची तपासणी. म्युसिनस गाठींत यातलं एखादं गायब असण्याचं प्रमाण नेहमीच्या जातीपेक्षा जास्त असतं आणि तसं असेल तर उपचाराचा रस्ताच बदलतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधून आलेल्या अहवालात अशा मलाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी, सहा महिने डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध दिलं आणि बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. ती ‘दिसेनाशी झाली’ हे ठरवताना पेट स्कॅन होता, पण एकटा नव्हता: एमआरआय, दुर्बीण, बोटाची तपासणी आणि बायोप्सी, सगळं मिळून. हे औषध महाग आहे. चार प्रथिनांची तपासणी त्यामानाने स्वस्त आहे आणि पेट स्कॅनच्या आधी व्हायला हवी.

औषधाच्या प्रवासाबद्दलही थोडं, कारण वेळेवरून केंद्रांवर रोज कुरबुरी होतात. एफडीजीतलं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन या यंत्रात तयार होतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झाला. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. जिथे स्वतःचा सायक्लोट्रॉन नाही त्या शहरात शिशाच्या भांड्यातून औषध गाडीने येतं आणि रस्त्यात ३ तास ४० मिनिटं गेली की निघतानाचं चतुर्थांश उरतं. घाटात गाडी अडकली की शेवटच्या नंबरच्या रुग्णाला पुरेसं औषध उरत नाही. मग एक तर यंत्राखाली जास्त वेळ पडायला लागतं किंवा चित्र दाणेदार येतं. दिलेल्या वेळेला अर्धा तास उशिरा येणाऱ्या रुग्णाला केंद्रावरचा माणूस चिडून का बोलतो, त्याचं कारण हे आहे. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं तर रागावू नये. कमी औषधात उरकलेल्या स्कॅनपेक्षा ते बरं. याच घटत्या हिशोबाने सुमारे ११ तासांनी शरीरातलं औषध दोन टक्क्यांच्याही खाली जातं, त्यामुळे त्या दिवसापुरतं तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला जवळ घेऊन बसू नये. भीती बाळगण्यासारखं काही नसतं; पण खासगीत बहुतेक ठिकाणी पाच आकडी खर्चाची आणि किरण अंगावर घ्यायला लावणारी ही तपासणी विनाकारणही करू नये.

आमची मागणी छोटी आहे. पेट स्कॅनच्या मागणीपत्रावर ‘मलाशयाचा कॅन्सर, स्टेजिंगसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी पाच गोष्टी लिहाव्यात: गाठीची जात आणि स्रावाचं किंवा सिग्नेट रिंगचं प्रमाण, आतापर्यंतचे उपचार आणि शेवटच्या रेडिएशनची तारीख, सीईएचा शेवटचा आकडा, मधुमेहाची औषधं, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो प्रश्न. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनीही गाठ फिकी असेल तर तसं स्पष्ट लिहावं, उदाहरणार्थ, ‘मूळ गाठ कमी उजळणारी आहे, त्यामुळे इतरत्र काही न दिसल्याने प्रसार नाही असं ठरत नाही.’ दिलेली मात्रा, त्या वेळची साखर, इंजेक्शन आणि स्कॅन यांतली मिनिटं आणि सीटीला रंग दिला होता की नाही, हे बहुतेक यंत्रांत नोंदलेलंच असतं; ते छापील रिपोर्टवर उतरवायला एक ओळ पुरते. नातेवाइकांनी बायोप्सीचा आणि एमआरआयचा कागद फाईलच्या तळाशी न ठेवता वर ठेवावा, जुन्या पेट स्कॅनची सीडी बरोबर आणावी (नुसता रिपोर्ट नको, तुलना चित्रांची होते), आणि इंजेक्शन देणाऱ्याने विचारलं नाही तरी वजन करून घ्यावं.

कळावे,

पोटाच्या कॅन्सरवर आणि न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करणारे काही डॉक्टर